काठी वर धरून

५ मार्च

आली एकदाची! आणि येऊन बसली कुठे? माझ्या खुर्चीत!

चौकीत खुर्च्या दोनच. एक साहेबांची, एक माझी. साहेबांच्या खुर्चीत बसायची तिची टाप नाही, म्हणून माझी. मी दारात किल्ल्या हातात घेऊन उभी, आणि साहेब म्हणतात, "बाई, जरा चहाचं बघता का? मॅडम लांबून आल्यात."

बघितलं चहाचं. न बघून सांगते कुणाला?

मॅडमचा आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागतं. साहेब वाकले. माझ्यासाठी इतक्या वर्षांत मानसुद्धा वळवली नाही कधी. मी तिचं नाव ठेवून टाकलं — मऊसूत.

६ मार्च

काल डोकं तापलं होतं, अर्धंच लिहिलं. आज नीट लिहिते, नाहीतर म्हातारपणी वही उघडीन आणि काय रडत होते तेच कळायचं नाही.

दांड्यावर 'पक्षी दर्शन केंद्र' काढायचं घाटतंय. आपला दांडा, समुद्रात घुसलेली वाळूची लांब पट्टी. तिच्या टोकाला दरवर्षी सुरय पक्षी अंडी घालतात. सुरय हे पुस्तकातलं नाव. मी काळटोप्या म्हणते — अंग पांढरंशुभ्र आणि डोक्यावर डोळ्यांपर्यंत ओढलेली काळी टोपी. घरटं-बिरटं काही बांधत नाहीत. पोट घासून वाळूत खळगा केला की झालं बाळंतिणीचं घर! अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून तर मला ठेवलंय राखणीला.

आणि आता त्याच टोकापर्यंत लाकडी पूल, वर मनोरा, खाण्याचे स्टॉल, संडास-बाथरूम आणि रात्रभर दिवे! एकदा हे झालं की काळटोप्या संपल्या इथल्या. इंजिनिअरने तर लाल खुंट्यासुद्धा ठोकून ठेवल्यात. फुटपट्टी म्हणते मी त्याला, चालतोही तसाच. एक खुंटी बरोबर अंड्यांच्या जागेच्या मधोमध. मी उपटली. त्याने परत ठोकली. मी परत उपटली.

केंद्राला मंजुरी देणाऱ्या समितीने सांगितलं की निर्णयाच्या आधी कुणीतरी पक्ष्यांचा अभ्यास करा. म्हणून ही मऊसूत आली. म्हणजे आपल्याच बाजूची झाली की. मला आनंद व्हायला हवा.

होत नाहीये. काय करू?

२१ मार्च

आल्या! सकाळी चौकी उघडली तर वाळू पांढरी. नुसता कलकलाट. पाणी आलं डोळ्यांत, दरवर्षी येतं.

मऊसूत शेजारी उभी होती, म्हणून वारा लागला म्हटलं.

९ एप्रिल

आज जे पाहिलं ते सहन होत नाही.

अंडी घातली आता. म्हणजे अंड्यांभोवती बांधलेल्या दोराच्या आत जायचं तर काठी वर धरून जायचं. काळटोपी हल्ला करते तो सगळ्यात उंच टोकावर. काठी डोक्याच्या वर धरायची, टोकाला चिंधी, म्हणजे चोच चिंधीला बसते, टाळूला नाही. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवते. हिलाही शिकवलं. तर ही म्हणते, "ताई, मी हळू जाऊन बघते ना. काठीने बिचकतील त्या."

बघ म्हटलं. चांगली प्रसादी मिळू दे! दोराजवळ उभी राहून वाट बघत होते मी.

गेली. हळू, एकेक पाऊल. टोपी, तोंडाला करडा रुमाल, तो फिकट हिरवा शर्ट — आली तेव्हापासून तोच! एवढी शिकलेली बाई, दुसरा शर्ट नाही? — आणि बसली जाऊन मधोमध. एकही काळटोपी उठली नाही. एकही नाही! एकीने तर मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि परत अंड्यांवर टेकली, घरचंच माणूस आल्यासारखी.

मग मी गेले. दोर ओलांडायचा अवकाश, अख्खी वसाहत डोक्यावर! काठी वर होती, चिंधी होती, तरी एकीने खाली येऊन कान फोडला. काठीला त्या फसतच नाहीत माझ्या बाबतीत. बरोबर मलाच शोधतात.

कारण मला ठाऊक आहे. पिल्लं पळायला लागली की मी ती धरते आणि पायात नंबराचं कडं घालते. कुठे जातात, परत येतात का, ते त्यावरून कळतं. आईबापांना कड्याचं काय? त्यांना एवढंच दिसतं की ही बाई आमची पोरं पळवते. वर्षानुवर्षं हीच बाई! कुत्री हाकलते तेही मीच, अंडी चोरणारे पकडते तेही मीच, पण ते कुठे दिसतंय त्यांना.

मऊसूत कापूस घेऊन आली. "ताई, फार लागलं का हो?" इतकी गोड बोलली की अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

१३ एप्रिल

आज घरी आली होती. नवरोबांनीच बोलावलं! हिच्या दुर्बिणीच्या स्टँडचा एक पाय मोडलाय हे मी जेवताना बोलून गेले. बोलायलाच नको होतं. "अगं घेऊन ये तिला, पाच मिनिटांचं काम."

आमचे नवरोबा दातांच्या कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. मऊसूतने एकेक जबडा उचलून पाहिला. हा कुणाचा, हे कसं बनवता, रंग कसा ठरवता! नवरोबा खुलले. हिरड्यांसाठी जे गुलाबी ॲक्रिलिक वापरतात त्याचा पाय बनवून दिला दुर्बिणीला. घासून, पॉलिश करून! माझ्या चष्म्याची दांडी गेल्या पावसाळ्यापासून दोऱ्याने बांधलेली आहे. ती नाही दिसली कुणाला.

वर तो विनोद. "आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं हसू आमच्याच हातात असतं!" मऊसूत पोट धरून हसली. मी हा विनोद लग्नाआधी ऐकलाय. तेव्हा हसले होते, म्हणून तर लग्न झालं.

ती गेल्यावर म्हणतात, "गुणी मुलगी आहे हो."

मी म्हटलं, "मग ठेवून घ्या."

"अगं, किती जळशील! आधी त्या पक्ष्यांना माझी सवत म्हणत मी जळायचो, आता तू सुरू केलंस."

"सवत बाईला असते. पुरुषाला नसते."

"मग मला काय असतं?"

हसू आलं, ते दाबलं.

१४ एप्रिल

चष्म्याची दांडी सकाळी टेबलावर दुरुस्त होऊन पडलेली. गुलाबी!

२० एप्रिल

समिती परवा येणार. जागा बघणार आणि पूल मंजूर की नामंजूर ते जवळजवळ तिथेच ठरणार. मी कालपासून चौकी झाडते आहे. काय काय सांगायचं ते आरशासमोर बोलून पाहिलं. कुठल्या साली वादळ, कुठल्या साली कुत्री, कडं घातलेलं पिल्लू किती वर्षांनी परत आलं.

आणि आज साहेब हळूच म्हणतात, "बाई, परवा मॅडम नेतील त्यांना आत. तुम्ही — म्हणजे — तुम्ही नका येऊ."

"का?"

"तुम्ही गेलात की सगळे पक्षी उठतात हो. अध्यक्षबाईंच्या डोक्यात टोचलं-बिचलं तर? त्या चिडल्या म्हणजे आपलंच नुकसान."

तोंडात मारल्यासारखं झालं. मऊसूत खाली मान घालून दुर्बीण पुसत होती. बोलायला काय झालं होतं? "ताई पण येतील" — एवढंच!

ठीक आहे. परवा माझं डोकं दुखणार आहे.

२२ एप्रिल

डोकं दुखलं. खरंच दुखलं, दिवसभर उशीत तोंड खुपसून.

संध्याकाळी साहेबांचा फोन. आवाज पडलेला. मऊसूत पुढे, मागे एका ओळीत समितीची माणसं. काळटोप्या बसून राहिल्या. अध्यक्षबाईंनी अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याशेजारी फोटो काढून घेतला. आणि फुटपट्टी मोठ्याने म्हणाला, "बघा! माणसांची सवय आहे की यांना. त्रास कुठंय?" अध्यक्षबाईंनी मान डोलावली. सगळ्यांनी डोलावली. पुढच्या महिन्यात खांब रोवायला सुरुवात.

मी फोन ठेवला आणि मला आनंद झाला.

हो, झाला. इथे लिहिते कारण दुसरीकडे तोंड उघडायची सोय नाही. मऊसूत तोंडावर आपटली, एवढंच पहिल्यांदा मनात आलं. गाल हसले माझे. मग खांब दिसले डोळ्यांसमोर. तो खळग्याखळग्यांचा पट्टा, त्यावर दिवे, कागदी प्लेटा, कुत्री.

२३ एप्रिल

मऊसूत चौकीत बसून होती. आज माझ्या खुर्चीत नाही, खाली, पायरीवर. डोळे सुजलेले. "ताई, मला वाटलं गर्दी बघून उठतील त्या. का नाही उठल्या?"

"मला काय विचारतेस, तुझ्या लाडक्या आहेत."

अशी बोलले. मग ती उठून किनाऱ्याने लांब चालत गेली, नुसत्या बनियनवर, शर्ट, टोपी नि रुमाल खिळ्याला टांगून.

मी एकटी. खिळ्याला तो शर्ट.

मला काय झालं कुणास ठाऊक. घातला! टोपी घातली, रुमाल डोळ्यांखालपर्यंत बांधला. शर्टाला तिच्या साबणाचा वास. घट्ट होत होता पोटावर, खालची बटणं लागेनात. म्हटलं, एकदा बघू तर, मऊसूत असणं म्हणजे काय असतं! ऊन वर यायचं होतं अजून. काठी न घेता दोर ओलांडला. ती चालते तशी, हळू.

कुणी उठलं नाही.

मी उभी राहिले. मग बसले. हाताच्या अंतरावर एक काळटोपी अंड्यांवर, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या पायात माझं कडं! माझ्याच हाताने घातलेलं. इतक्या वर्षांत मी यांना जवळून बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं, चिडलेलंच पाहिलं. चोचीने एकेक अंडं कशी फिरवते, पोटाखालची पिसं कशी फुलवते! मी तोंडावर रुमाल गच्च धरून रडले. हुंदकासुद्धा हळू, मऊसूतचा.

आणि मग डोक्यात उजेड पडला.

ही काळटोपी मऊसूतला ओळखत नाही. हिने मला तरी कुठे ओळखलं? ही शर्टाला ओळखते! त्या टोपीला, रुमालाला, चालीला. रोज तेच कपडे, रोज तीच वाट. माणसांची सवय कसली? एका शर्टाची सवय! आणि समिती आली ती त्याच शर्टाच्या मागे शेपटीसारखी.

२४ एप्रिल

सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे — मी तुझे कपडे चोरून घातले, तुझ्यावर जळून — हे सांगायचं. साहेबांसमोर! फुटपट्टीला कळलं तर हसून हसून खुंट्यांवर पडेल.

नवरोबांना सांगितलं आधी. हसतील वाटलं. एक जबडा घासत होते, थांबले. म्हणाले, "बटणं लागली?"

"खालची नाही."

"हं." परत घासायला लागले. "उद्या सांग तिला. पक्ष्यांसाठी सांग. मला सांगितलंस ना आता, तसंच."

२५ एप्रिल

सांगितलं. एका दमात, भिंतीकडे बघून.

मी वळून पाहिलं तर मऊसूत पांढरीफटक. "मी किती गाढव आहे! मला वाटलं मी हळू चालते, म्हणून. मला वाटलं त्यांना मी आवडते." कपाळावर हात मारून घेतला. मग एकदम, "ताई, तुम्हाला कसा बसला तो शर्ट?" आणि दोघींना हसू फुटलं. साहेब दारातून डोकावले, काही न कळून परत गेले.

थोडंसं कमी झालंय माझं पोटातलं. थोडंसंच.

आता समितीला परत आणायचं कसं? साहेब म्हणाले, झाला तो दौरा झाला. पण नशीब बघा, अध्यक्षबाईंच्या फोटोत त्यांचेच डोळे मिटलेले निघाले! दुसरा फोटो हवाय. स्वतःच येतायत.

मी म्हटलं, मी जाते पुढे, मग बघा कशा उठतात ते. मऊसूत म्हणाली, नाही. "तुमच्यावर त्यांचा जुना राग आहे, ताई. तो दाखवणं म्हणजे फसवणूक. मी जाईन. तीच मी, तीच वाट, तीच चाल. फक्त कपडे वेगळे. आणि आधीच सांगून."

बरोबर होतं तिचं. म्हणूनच राग आला.

४ मे

आज झालं.

मऊसूत पिवळा फुलाफुलांचा टॉप घालून आली, डोकं उघडं. दोराजवळ थांबून तिने सगळ्यांना स्वच्छ सांगितलं — "मागच्या वेळी माझ्या अंगात तो हिरवा शर्ट होता, टोपी होती. आज नाही. एवढाच फरक आहे. काठ्या घ्या प्लीज, वर धरा." फुटपट्टी म्हणाला, "कशाला? मागे काही झालं नाही." अध्यक्षबाई म्हणाल्या, "फोटोत काठी येईल." मऊसूतने दोनदा सांगितलं, कुणी घेतली नाही.

मी चौकीत, दुर्बिणीपाशी. गुलाबी पायाच्या.

दोर ओलांडून थोड्याच आत गेले असतील. वाळूच उठल्यासारखी झाली! कलकलाट असा की चौकीचा पत्रा थरथरला. मऊसूतला पहिला टोचा, कपाळावर. तिच्यावर! मी वाट बघत होते ना त्या टोच्याची? बघवलं नाही. फुटपट्टी डोक्यावर फाइल धरून आडवातिडवा पळत सुटला. त्याचे बूट कुठे पडत होते देव जाणे. अध्यक्षबाई जागच्या जागी खाली बसल्या, दोन्ही हात डोक्यावर.

आणि सीगल आला. उघडी अंडी दिसली की येतोच तो. वरून झेपावला, एक इवलंसं पिल्लू उचललं — आजच फुटलेलं असणार, ओलंच होतं — आणि अध्यक्षबाईंच्या डोळ्यांदेखत गिळलं.

मी दोरापर्यंत धावले. दोराला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. आत गेले असते तर होत्या नव्हत्या त्याही उठल्या असत्या. "मागे फिरा! पाय बघून! हळू या!" ओरडून घसा फुटला. असं बाहेर उभं राहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

नंतर अध्यक्षबाई चौकीत, माझ्या खुर्चीत. भांगात रक्त. पाण्याचा पेला हातात तसाच. म्हणाल्या, "ते पिल्लू — माझ्यामुळे गेलं का?"

साहेब म्हणाले, "छे छे, मॅडम, निसर्ग आहे —"

मी म्हटलं, "हो."

१२ मे

जिंकलो! पूल नाही, मनोरा नाही. केंद्र होणार ते इकडे रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. तिथून दुर्बिणीतून बघा किती बघायचं ते. खुंट्या फुटपट्टीने स्वतः उपटल्या. मी मोजून घेतल्या त्याच्याकडून!

पण लिहायचं ते वेगळंच आहे. बैठकीत नियम लिहीत होते. साहेबांनी मसुदा वाचला — अंडी-पिल्लांच्या दिवसांत 'परवानगीशिवाय' दोराच्या आत प्रवेश नाही. माझ्या डोक्यात चक्र फिरलं. परवानगी कुणाला मिळणार? अभ्यासकांना. म्हणजे पुढच्या वर्षी परत ही येणार, परत शर्ट, परत मधोमध जाऊन बसणार, परत आमच्याकडे चहा. नवरोबांनी तर दुर्बिणीला तिन्ही पाय गुलाबी करून देतो म्हणून कबूलही केलंय!

मी उभी राहिले. "परवानगीशिवाय, हे काढा. कुणालाच नाही असं लिहा. अभ्यासक नाही, अधिकारी नाही, कुणी म्हणजे कुणी नाही. एकाला वाट दिली की त्याच वाटेने उद्या पूल येईल." बोलताना बघत होते मऊसूतकडेच.

वाटलं, आता भांडेल. तर ती म्हणते, "ताईंचं अगदी बरोबर आहे. मीच सवय लावून गोंधळ केला. कुणालाच नको." अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे लिहून घेतलं, 'कुणालाही नाही'. टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी!

घरी येऊन पोटभर जेवले.

१३ मे

सकाळी पिल्लांची कडी पिशवीत भरत होते. साहेब आले, दारातच घुटमळले.

"बाई, कडी ठेवून द्या."

"का? उशीर होईल हो, पळायला लागलीत पिल्लं."

"कालचा नियम लागू झालाय. कुणालाही नाही."

"ते इतरांना."

साहेब बघत राहिले माझ्याकडे. मग कळलं.

'कुणालाच नाही' म्हणताना मी स्वतःला त्यात धरलंच नव्हतं! मी म्हणजे काय कुणी आहे? मी मी आहे!

१४ मे

मऊसूत म्हणते, अध्यक्षबाईंना पत्र लिहू, तुमच्यापुरती सूट मागू. नवरोबा म्हणतात, माग की, अठरा वर्षं दिलीस, एवढं नाही करणार? मनातून मलाही तेच हवं होतं. होकार ओठांवर आला होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. फुटपट्टी. "बाईंसाठी सूट निघते म्हणे? मग आमचाही एक छोटासा अर्ज. टोकाला नाही, मध्यावर. फक्त एक बाक आणि दिवा."

मी फोन साहेबांच्या हातातून घेतला. म्हटलं, "सूट-बीट काही नाही. कुणालाच नाही." आणि ठेवला. दुपारभर कडी पिशवीतून डब्यात ओतली, डब्यातून पिशवीत.

२ जून

मऊसूत गेली आज. तिला दुसरा किनारा दिलाय, पुढच्या वर्षी इथे नाही. म्हणजे मी नियम करायची काही गरजच नव्हती! हे तिने बस यायच्या वेळी सांगितलं. वर म्हणते, "ताई, एक बोलू? मी तुमच्यावर फार जळायचे हो."

"माझ्यावर? माझ्यावर काय आहे जळण्यासारखं?"

"मी त्यांच्यात जाऊन बसायचे, पण मी त्यांच्या लेखी दगड होते. शर्ट होते. तुम्ही दोर ओलांडला की एवढ्या मोठ्या थव्यात प्रत्येकीला कळायचं, कोण आलं ते."

मी म्हटलं, "रक्त तुझ्या टाळूतून नाही ना येत रोज, म्हणून सुचतंय हे." हसली. बस आली. शर्ट माझ्या हातात कोंबला आणि चढली. मऊ बोलणारी माणसं भलतंच काहीतरी बोलून जातात, आणि उत्तर द्यायला थांबत नाहीत.

शर्ट खिळ्याला टांगलाय. धूळ पुसायला कामी येईल.

नाही पुसणार. माहितीये मला.

२६ फेब्रुवारी

किती महिन्यांनी वही उघडली. लिहायला होतं काय? बर्फाच्या कारखान्यात रंगकाम चाललंय. शाळेची पोरं येतात, दुर्बिणीतून बघतात, मी सांगते. बरं सांगते म्हणे. चौकीतून माझी खुर्ची तिकडे नेली.

काळटोप्या येतील आता. मी दोराच्या बाहेर असणार. लांबून बघणाऱ्यांतली एक. कशाला ओळखतील? त्यांना बरंच की, पोरं पळवणारी बाई गेली.

नवरोबा म्हणाले, "मग तर माझ्या सवतींनी मला मोकळं केलं म्हणायचं."

१७ एप्रिल

आल्या, अंडी घातली, सगळं माझ्यावाचून. आज धीर करून दोरापर्यंत गेले, अलीकडेच उभी राहिले, लांब. अंगावर नवी निळी ओढणी, काठी नाही. नवरोबा सोबत. शेकड्यांनी बसलेल्या, त्यातली एक उठली. दोर ओलांडून, नवरोबांना सोडून, सरळ माझ्यावर! पायात कडं चमकलं. टाळूत अशी टोचली की रक्त कपाळावर आलं.

नवरोबा रुमाल शोधतायत, "अगं लागलं का, लागलं का?"

अहो, तिने ओळखलं मला!